पप्पांचा प्रचार
जर्मनीतल्या एर्लांगेनमध्ये आमच्या भागात ख्रिस्ती रेडिओ स्टेशनं दोन. एक मोठं, पगारी माणसांचं. दुसरं आमच्या चर्चचं, चार हौशी लोकांनी चालवलेलं. त्यातला एक माझा नवरा. ऑफिस सुटलं की तो तिथे माइकसमोर जाऊन बसतो. देव एकच, पण ऐकणारे आपल्याकडेच यावेत म्हणून दोघांची ओढाताण. यंदा चर्चने सांगूनच टाकलं होतं, ऐकणारे वाढले नाहीत तर आमचं स्टेशन बंद.

हे माझ्या सासऱ्यांच्या कानावर गेलं आणि माझ्या डोक्याला ताप सुरू झाला. पप्पा नगरहून आमच्याकडे राहायला आले होते. तिकडे चर्च कमिटीच्या निवडणुका त्यांनी घरोघर फिरून जिंकलेल्या. "दारात गेल्याशिवाय मत मिळत नाही गं," ते म्हणाले. आणि रविवारी दुपारी, एका हातात चिवड्याची ताटली, दुसऱ्या हातात स्टेशनचा नंबर लिहिलेल्या चिठ्ठ्या घेऊन त्यांनी अख्ख्या बिल्डिंगच्या बेल वाजवल्या. रविवारी दुपारी! इथे त्या वेळी कुणी भिंतीत खिळासुद्धा ठोकत नाही.

संध्याकाळी वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांनी मला जिन्यात गाठलं. "हे बघा, रविवारी रुहत्साइट असते, शांततेची वेळ. तुमचे सासरे नक्की काय विकतात?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतकी वर्षं मान खाली घालून, कचरासुद्धा नीट वेगळा करून कमावलेली अब्रू मूठभर चिवड्यात गेली.

पप्पा मात्र रोज दुपारी ताटली घेऊन खाली जातच राहिले. प्रचार चालूच आहे असं समजून मी एक दिवस भडकले. "अहो पप्पा, हे नगर नाहीये! आम्हाला इथे राहायचंय. आता कुणाच्याही दारात जायचं नाही."

"बरं," म्हणाले, आणि ताटली स्वतःच धुऊन ठेवली.

मग मी दारोदार माफी मागत फिरले. तळमजल्यावर एकट्या राहणाऱ्या आजींचं दार शेवटचं. त्यांच्याशी मी आजवर 'हॅलो'च्या पुढे बोलले नव्हते. दार उघडून त्यांनी आधी माझ्या मागे पाहिलं.

"ते नाही आले?"

आत टेबलावर दोन कप मांडलेले होते. रेडिओ चालू होता, आमचा नव्हे, मोठ्या स्टेशनचा.

"मी हेच ऐकते, ते त्यांना पहिल्याच दिवशी दिसलं," आजी म्हणाल्या. "त्यांनी चिठ्ठी खिशात घातली, ती पुन्हा काढली नाही. आम्ही बसून गातो. मी जर्मनमध्ये, ते त्यांच्या भाषेत. चाली त्याच आहेत ना!"

चाली त्याच आहेत. आमच्या नगरच्या चर्चमधली निम्मी गीतं युरोपातल्या चालींवरच तर म्हणतात. मीही लहानपणापासून तीच म्हणत आले.

"त्यांना सर्दी झालीय," मी खोटंच सांगितलं. जिन्यात वाटली त्याच्या कितीतरी पट लाज मला त्या दोन कपांसमोर वाटली. माफी मागायची राहूनच गेली.

वर आले. पप्पा हॉलमध्ये रेडिओला कान लावून बसले होते. मोठंच स्टेशन लागलेलं, आवाज अगदी बारीक, आणि ते ओठातल्या ओठात गात होते. माझी चाहूल लागली तसे ते दचकले आणि घाईघाईने त्यांनी आमचं स्टेशन लावलं.