भावोजींचं इंजिन

एरंडेल हे काही माणसाचं नाव नव्हे, पण मैदानावर विमानं उडवायला येणाऱ्या मंडळींना त्याचं दुसरं कुठलं नाव माहीतच नव्हतं. रेडिओवर चालणाऱ्या छोट्या विमानांची जुनी इंजिनं मिथेनॉलवर चालतात आणि त्यात एरंडेल मिसळावं लागतं. ते जळकं एरंडेल ह्या माणसाच्या शर्टात, केसांत, नखांत इतकं मुरलं होतं, की तो जिन्याच्या खालच्या पायरीवर असतानाच वर स्वयंपाकघरात बायकोला कळायचं. "आला जुलाबाचा काढा," ती म्हणायची. त्यात चेहराही कायम एरंडेल प्यायल्यासारखा. नाव चिकटलं ते चिकटलंच.

पोटापाण्याचा धंदा वेगळा होता. पंपांच्या जळालेल्या मोटारी घ्यायच्या, आतली तार काढून नवी गुंडाळायची आणि मोटार फिरती करून द्यायची. दुकानामागे पत्र्याची एक खोली होती, तिथे त्याचा खरा जीव. भिंतीभर लाकडाच्या पट्ट्या आणि प्रत्येक पट्टीवर एक इंजिन बसवलेलं. मूठभर आकाराची ती यंत्रं बंद पडलेली, गंजलेली, कुणाच्या माळ्यावर वर्षानुवर्षं विसरलेली अशी त्याच्याकडे यायची आणि फिरती होऊन जायची. त्या खोलीत जाम झालेलं इंजिन फार दिवस टिकत नसे. टिकलं तर त्याचं जेवणात लक्ष लागत नसे.

इंजिन निवडायला लोक त्याच्याकडे यायचे तेव्हा तो त्यांचा यथेच्छ अपमान करायचा. एकदा एक बँकवाले साहेब चकचकीत नवं इंजिन घेऊन आले. चाळीस वर्षांपूर्वीच्या आराखड्यावरून त्यांनी कसरतीचं विमान बनवलं होतं आणि त्यात हे बसवायचं होतं.

"साहेब, आजोबांना शर्यतीच्या घोड्यावर बसवताय," एरंडेल म्हणाला. "घोडा पळेल. आजोबा घरी परत येणार नाहीत."

मग त्याने भिंतीवरचं एक काळपट इंजिन काढून त्यांच्या हातात दिलं आणि डोळे मिटायला लावले. त्याचं म्हणणं असं, की इंजिन डोळ्यांनी निवडायचंच नाही. पंखा हळूहळू फिरवायचा. पिस्टन वर आला की बोटाला अडतं, तिथे थांबून धरायचं. अडलेलं तसंच राहिलं तर आत दम आहे, लगेच सैल पडलं तर रिंग गेली. दांडा धरून हलवायचा, खडखडला तर बेअरिंग संपलं. वरचा तपकिरी थर एरंडेलाचा, तो असलाच पाहिजे. आणि स्क्रूंची डोकी चावल्यासारखी दिसली तर आधी कुण्या गाढवाने उघडून बघितलंय, ते घ्यायचं नाही. जुन्या विमानाला जुनं, संथ इंजिन हवं, मोठा पंखा सावकाश ओढणारं. तेव्हाच आकाशातली उभी गिरकी गोल येते.

ही सगळी विद्या त्याने पहिल्यांदा वापरली ती भावोजींसाठी. थोरल्या बहिणीचं नुकतंच लग्न झालेलं, आणि हा नवा जावई खोक्यात विमान घेऊन सासरी आलेला. वजनकाटे बनवणाऱ्या कारखान्यात तो ड्राफ्ट्समन होता आणि हसायला लागला की खोलीतल्या भांड्यांना ऐकू जायचं. एरंडेलने त्याच्यासाठी डझनभर इंजिनं हातात घेऊन बघितली आणि त्यातलं एक निवडलं. पुढे सगळं आयुष्य भावोजींनी विमानं बदलली, इंजिन तेच ठेवलं.

उडवण्यात भावोजी पहिल्या नंबरचे आणि देखभालीत पहिल्या नंबरचे आळशी. दिवसभर उडवून झालं की उरलेलं इंधन जाळून टाकावं, आत तेलाचे थेंब सोडावेत. नाहीतर मिथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि आतलं पोलाद गंजतं. एरंडेल बोंबलून सांगायचा. भावोजी म्हणायचे, "अरे, पुढच्या रविवारी पुन्हा उडवायचंच आहे की! तेल घालतो तो माणूस, ज्याला परत यायचं नाही." आणि विमान तसंच खोक्यात घालून घरी. वर्षातून एकदाच, मैदानावर चिखल होऊन ते बंद व्हायचं तेव्हा, ताईच्या स्वयंपाकघरात वर्तमानपत्र पसरून ते इंजिनाला साग्रसंगीत झोपवायचे. इंधन काढायचं, धुवायचं, तेल भरायचं, तोंडात आणि सायलेन्सरमध्ये फडक्याचे बोळे घालायचे. ताई शिवणकाम करायची, तिच्या मशीनच्या तेलाची कुपी अशा वेळी हमखास गायब व्हायची आणि तिचा आरडाओरडा व्हायचा. घरातला हा दरवर्षीचा ठरलेला तमाशा होता.

मग वजनकाट्यांचा कारखाना बंद पडला. भावोजी घरी बसले. घर ताईच्या मशीनवर चालू लागलं. भावोजी रविवारी मैदानावर यायचे, उडवायचे, जायचे. हसणं कमी झालं होतं, पण उडवणं तसंच सुरेख होतं आणि एरंडेल विमानाकडे बघत होता. इंजिनाला इंधन कमी पडतंय हे त्याला मैदानाच्या दुसऱ्या टोकावरून नुसत्या आवाजावर कळायचं. शेजारी उभा असलेला माणूस महिनोन्महिने गप्प होत चालला होता, ते त्याला कळलं नाही. वय झालं, शहाणे झाले, असं तो समजला. ह्या समजण्याबद्दल त्याने स्वतःला पुढे कधी माफ केलं नाही, आणि करावं असंही त्याला वाटत नाही.

ऐन हंगामात, रविवार नसताना, भावोजी एकटेच गाडी घेऊन मैदानावर गेले. मैदानापलीकडे कालवा आहे. दुसऱ्या दिवशी ते कालव्यात सापडले. विमान गाडीत खोक्यात होतं, न उडवलेलं. काठावर शेवाळ असतं आणि तिथे माणसं घसरतात, हे खरं आहे. पोलिसांनी पाय घसरून असं लिहिलं. लोकांनी तोंडाने हळहळ केली आणि पाठ फिरल्यावर दुसरंच बोलले.

वर्ष होत आलं तेव्हा ताई पत्र्याच्या खोलीत आली. रिक्षातून ते लांबलचक खोकं उतरवून तिने स्वतः आत आणलं आणि बाकावर ठेवलं. ती खूप वाळली होती. बसली नाही.

"छोट्या," ती म्हणाली. त्याचे केस पांढरे झाले तरी तिच्या तोंडी तो छोट्याच होता. "मला एक सांग. खरं सांग."

"काय गं?"

"त्या दिवशी सकाळी मी त्यांना बोलले. मशीनपाशी बसले होते, दोरा तुटत होता, गिऱ्हाईक दारात उभं. ते येऊन उभे राहिले नुसते, काही न बोलता. मी म्हटलं, तुम्ही असलात काय नि नसलात काय, सारखंच. हे मी कुणाला सांगितलेलं नाही."

एरंडेलने स्टूल तिच्याकडे सरकवलं.

"ते घसरले की काय झालं, ते कुणी मला सांगू शकत नाही. पण ह्या इंजिनाला माहीत आहे. यायचं असेल तर ते तेल घालत नसत. हो ना? मग वर्षभरात ते जाम झालं असेल. आणि फिरत असेल, तर... मी स्वतः पंखा फिरवून बघणार आहे. तू आधी बघ. मला धीर होत नाही."

ती वळली आणि भिंतीवरची इंजिनं बघत उभी राहिली. एरंडेलने खोक्याचं झाकण उचललं. त्याच क्षणी त्याला कळलं, कारण एरंडेलाचा वास आला नाही. सायलेन्सरच्या तोंडात पांढऱ्या बनियनचा नीट वळलेला बोळा होता. दुसरा बोळा हवा आत जाते त्या तोंडात. आणि विमानाच्या पंखाखाली, पडू नये अशी बेताने ठेवलेली, शिवणाच्या मशीनच्या तेलाची कुपी. त्याने एका बोटाने पंखा किंचित ढकलला. तो लोण्यातून गेल्यासारखा फिरला. इतकं चांगलं काम भावोजींनी कधी केलं नव्हतं.

बोळे त्याने मुठीत घेतले, कुपी खिशात टाकली आणि झाकण लावलं.

"असं वरवर बघून सांगता येत नाही," तो म्हणाला. आवाज आपलाच आहे का, असं त्याला वाटलं. "गच्च वाटतंय, पण बाहेरून जोर लावला तर दांडा वाकेल. आधी थोडं सैल करावं लागेल. पुढच्या आठवड्यात ये. तेव्हा फिरव तू."

"बरं," ताई म्हणाली. तिने वाद घातला नाही. जन्मात पहिल्यांदा तिने त्याच्याशी वाद घातला नाही, आणि एवढ्या साध्या गोष्टीचा त्याला संशय यायला हवा होता.

त्या दुपारी दुकानाचं दार ओढून घेऊन तो मागच्या खोलीत बसला. विमानाच्या नाकातून इंजिन सोडवलं, स्क्रूवर एक ओरखडा येऊ दिला नाही. उघडून आतलं तेल रॉकेलने धुऊन काढलं. आतला भाग असा लखलखत होता, की त्याला रडू कोसळलं, आणि ते त्याने थांबवलंही नाही. एरवी असं इंजिन समोर आलं असतं तर त्याने चार माणसं बोलावून दाखवलं असतं. मग जुनं दाट एरंडेल ओतून त्याने ते पत्र्याच्या डब्यात शेगडीवर ठेवलं, एरंडेल करपून डिंकासारखं होईपर्यंत.

बायको वास घेत आली. "काय चाललंय?"

"इंजिन बिघडवतोय."

"तुम्हाला येतं?" तिने चेष्टेने विचारलं, आणि त्याचा चेहरा बघितला. मग पदराने नाक धरून तिथेच एका स्टुलावर त्याच्यासोबत बसून राहिली.

येत नव्हतं, हेच खरं. गंज लागू नये म्हणून काय करायचं ते त्याला पाठ होतं. लागावा म्हणून काय करायचं ते त्याने कधी मनातसुद्धा आणलं नव्हतं. शेवटी त्याने जे जे करू नका म्हणून उभा जन्म लोकांना शिव्या घातल्या, ते सगळं ओळीने केलं. बेअरिंगमध्ये मिठाचं पाणी सोडलं. ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलं. रोज सकाळी दुकान उघडण्याआधी तो पंखा फिरवून बघायचा. आधी करकरला. मग जड झाला. मग एका सकाळी हललाच नाही. आजवर एवढी इंजिनं त्याने वाचवली होती, आणि स्वतः निवडलेलं हे पहिलं इंजिन त्याने हाताने मारलं होतं. त्याने ते पुन्हा विमानाच्या नाकात बसवलं.

ठरल्या दिवशी ताई आली. त्याने खोकं उघडून दिलं आणि बाजूला झाला. तिने पदर खोचला, पंख्यावर दोन बोटं ठेवली, ढकललं. मग चार बोटं. मग पंखा मुठीत धरून सगळा जोर लावला, इतका की तिच्या मनगटाची शीर फुगली.

"फिरत नाही," ती म्हणाली.

"नाही. इंधन तसंच राहिलं आत. गंजलंय सगळं."

"म्हणजे येणार होते."

"येणार होते, ताई. पुढच्या रविवारी उडवायचं म्हणून तसंच ठेवलं. घसरले ते."

ताई स्टुलावर बसली आणि रडली. मोठ्याने, लहान मुलीसारखी, वर्षभराचं एकदम. एरंडेलने तिच्या पाठीवर हात ठेवला, मग आपल्या हाताला वास येतो म्हणून काढून घेतला, मग पुन्हा ठेवला. बायकोने चहा आणला. ताईने बशीत ओतून सगळा प्यायला. आपण केलं ते बरोबर केलं, असं त्या वेळी त्याला वाटलं, आणि आठवडाभरात पहिल्यांदा त्याला भूक लागली.

ती निघाली. दारात चपला घालताना, मान खाली ठेवूनच म्हणाली, "माझी तेलाची कुपी होती त्यात. ती तुझ्याकडेच राहू दे."

आता एरंडेलला कळलं.

खोकं तिने आणण्याआधीच उघडलं होतं. बोळे बघितले होते, कुपी बघितली होती, स्वतःच्या हाताने पंखा फिरवून बघितला होता. सगळं बघून, पुन्हा होतं तसं लावून ती त्याच्याकडे आली होती.

"ताई..."

"भारी मेहनत घेतलीस रे," ती म्हणाली. तिने त्याच्याकडे बघितलं, आणि त्या बघण्यात राग नव्हता. "घरी मी एकटी असते तेव्हा ते फिरणारं इंजिन मला चालत नाही. हे चालेल. विमान इथेच ठेव. आणि हे सोडवू नकोस कधी. मी आले की बघत जाईन."

त्यामुळे पत्र्याच्या खोलीत आता एक इंजिन कायमचं जाम आहे. मैदानावरची मंडळी येतात, ते बघतात आणि एरंडेलची खेचतात, की म्हातारपणी विद्या गेली वाटतं. तो त्यांच्यावर खेकसतो आणि दुसरं काहीतरी काढून दाखवतो. हंगाम संपला की तो भिंतीवरची सगळी इंजिनं ओळीने खाली घेतो आणि त्या कुपीतून प्रत्येकात तेलाचे थेंब सोडतो. भावोजींच्या इंजिनात मिठाचं पाणी. न जाणो, गंज सैल पडायचा.

ताई मधूनमधून येते. आल्या आल्या आत जाते, पंख्यावर दोन बोटं ठेवून ढकलते. पंखा हलत नाही. मग ती बाहेर येऊन चहा मागते.