नकाशेवाल्या भाऊंची खोली

ये वं रेवा, बस अशी जवळ. घर बांधून राहिली म्हणे, अन् मावशीला फोनवर नुसते फोटो पाठवतेस? बरं दिसतं का हे? तुझा आर्किटेक्ट ‘ब्रीफ द्या’ म्हणतो ना, म्हणजे घरात काय काय हवं ते सांगा, तर आमच्या नकाशेवाल्या भाऊंचं ऐकूनच जा.

भाऊ आमच्या गल्लीतले आर्किटेक्ट. कुणाचं घर बांधायचं ठरलं की आधी त्याच्या जुन्या घरी जाऊन पाणी मागायचे. पाणी आणणारी कुठून कुठं जाते, कशाला अडखळते, ते बघत बसायचे. यजमान हॉलचं सांगत सुटला की म्हणायचे, “तुमी थांबा जी. दिवसभर घरात जी राहते, तिले बोलू द्या.” माझ्या सासूबाईंना त्यांनी एवढंच विचारलं, “आजी, कुरड्या कुठं वाळवता?” त्यापायी आमच्या गच्चीला बुटक्या पायऱ्यांचा जिना मिळाला. सासूबाई शेवटच्या उन्हाळ्यापर्यंत वर चढल्या.

जीभ मात्र तिखट. एकाला देवघर मोठं हवं होतं, आईची खोली लहान चालणार होती. भाऊ म्हणाले, “देव काही पाय पसरून झोपत नाही गा!”

मग त्यांचंच घर पाडून नवं बांधायचं ठरलं. मुलगा इंटिरिअरवाला. त्याचं ब्रीफ एका ओळीचं: घर हॉटेलसारखं दिसलं पाहिजे. मी तिथंच चहा घेत होते. भाऊंनी नकाशा उलटसुलट पाहिला.

“माझी खाट कुठं हाय यात?”

“बाबा, गेस्ट रूम आहे ना. पाहुणे नसले की तुमचीच.”

“अन् असले की?”

“ताई आहेच की उमरेडला.”

जन्मभर दुसऱ्यांना विचारत आला तो माणूस, त्याला कुणी विचारलं नाही. कूलरही लावू दिला नाही, बाहेरून शोभत नाही म्हणून. एसीनं भाऊंचे गुडघे धरायचे. पाहुणे आले की पिशवी भरून लेकीकडं, उमरेडची एसटी. एकदा गल्लीच्या तोंडाशी भेटले. “रूम खाली केली वहिनी, गिऱ्हाईक आलं,” म्हणाले अन् हसले. मला नाही हसू आलं.

वैशाखात उमरेडलाच वारले. घरी नागपूरला आणलं, तर हॉलमध्ये निजवायला जागा नाही. सोफे जमिनीत पक्के बसवलेले, मधे शोभेचं कारंजं. खाली पार्किंगमध्ये ठेवलं, दोन गाड्यांच्या मधे. आम्ही बायका उभ्याउभ्याच रडलो. मुलगाही रडत होता, खोटं कशाला बोलू. “काकू, हे डोक्यातच आलं नव्हतं,” म्हणाला. माझा राग अजून गेलेला नाही.

आता रविवारी परत ये बाई, लवकर ये. नकाशा आण, अन् तुझ्या सासूबाईंनाही आण. तू गप्प बसायचं, त्या बोलतील.