खालच्या उजव्या कोपऱ्यातली सही

आमच्या घरात 'गव्हर्नर' हा शब्द गेली कित्येक वर्षं घरच्या माणसासारखा वापरला जातो. "काय म्हणतायत तुझे गव्हर्नर?" असं नवरा सकाळी चहा गाळता गाळता विचारतो. ते आमचे कुणी नव्हेत. पॅसिफिक महासागरात अमेरिकेच्या झेंड्याखालचं एक छोटं बेट आहे. तिथल्या लोकांना अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष निवडता येत नाही, पण स्वतःचा गव्हर्नर ते स्वतः निवडतात. त्या बेटावर मी आजवर पाऊल ठेवलेलं नाही. तरी तिथली एक निवडणूक एका चांगल्या माणसाच्या हातून गेली आणि त्यात माझा वाटा होता.

मी सिंगापूरमध्ये तुआसला एका कारखान्यात इलेक्ट्रिकल इंजिनिअर आहे. कंटेनरमध्ये जनरेटर बसवून ते लांबलांबच्या बेटांना पाठवणं हा आमचा धंदा. ड्रॉइंग माझ्या टेबलावर तयार होतात, मंजुरीसाठी ग्राहकाकडे जातात, तिकडून सही होऊन आली की काम सुरू होतं. राहायला आम्ही जुरोंग ईस्टला. एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे इथे राहून नोकरी करायचा परवाना, माझ्या नावावर आहे. नवरा पुण्यातली नोकरी सोडून माझ्यामागे आला; तो आणि लेक दोघंही माझ्या पासवर इथे आहेत. माझी नोकरी गेली तर तिघांनाही बॅगा भरायला लागतील.

गव्हर्नर पहिल्यांदा कारखान्यात आले तेव्हा ते गव्हर्नर नव्हते, बेटाच्या विधिमंडळाचे सभासद होते. ग्राहकासमोर मशीन चालवून दाखवायच्या दिवशी सहसा एखादा कंटाळलेला अधिकारी येतो, कॉफी पितो, सही करतो आणि मॉल कुठे आहे ते विचारतो. हे आले ते फुलाफुलांचा शर्ट घालून, काखेत शाळेतल्या मुलांसारखी वही. मशीन सुरू झाल्यावर त्यांनी त्याच्या अंगावर तळहात ठेवला, डोळे मिटून जरा वेळ उभे राहिले आणि मला ओरडून म्हणाले, "इंजिनिअर, मागच्या बाजूचा एक बोल्ट सैल आहे!" मी तडकलेच. माझ्या मशीनला नावं ठेवणारे हे कोण? तरातरा मागे गेले, पाना लावून पाहिला. बोल्ट सैल होता.

"अर्धं आयुष्य पॉवर स्टेशनमध्ये ग्रीस पुसण्यात गेलंय," ते मशीन बंद झाल्यावर म्हणाले. मेकॅनिक, मग फोरमन, मग गावचे मेयर, मग विधिमंडळ, असा त्यांचा प्रवास. दुपारी ते ड्रॉइंगांचा गठ्ठा पुढे ओढून बसले. प्रत्येक पान वाचायचं आणि वाचून झालं की खालच्या उजव्या कोपऱ्यात आपली दोन आद्याक्षरं टाकायची, ही त्यांची पद्धत. फोरमन असताना लागलेली सवय, म्हणाले. "कोपऱ्यात अक्षरं आहेत म्हणजे ते पान मी वाचलंय. चुकलं तर मला धरायचं." आमचा मॅनेजर त्यांच्या पाठीमागे माझ्याकडे बघून हसला. मला मात्र तो माणूस त्या दुपारी मनापासून आवडला.

तेव्हापासून मला त्या बेटाच्या राजकारणाचं वेड लागलं. तिथलं रेडिओ स्टेशन इंटरनेटवर ऐकता येतं. शनिवारी-रविवारी पोळ्या करताना मी ते लावते. तिथलं राजकारण म्हणजे गावच्या जत्रा, मांडवाखालची जेवणं आणि मयतं. कुणी गेलं की नऊ दिवस संध्याकाळी प्रार्थना असते, आणि ज्याला निवडून यायचंय त्याने तिथे जायलाच हवं. एकदा अशाच एका घरी प्रार्थना चालू असताना वीज गेली. उमेदवारसाहेबांनी बाहेर जाऊन त्या घरचा जनरेटर दुरुस्त केला आणि काळ्या हातांनीच परत येऊन रांगेत बसले. रेडिओवर एका म्हातारीने फोन करून हे सांगितलं, तेव्हा मला इकडे लाटणं हातात धरून भरून आलं.

गव्हर्नरपदासाठी ते पहिल्यांदा उभे राहिले आणि थोडक्यात हरले. "आई, युअर गव्हर्नर लूज ऑलरेडी, लाह," असं लेकीने तिच्या सिंगापुरी इंग्रजीत जाहीर केलं आणि माझ्याकडून ओरडा खाल्ला. नवरा म्हणाला, "अगं, तू इतकी का चिडतेस? तुझं मत तरी आहे का तिथे?" नव्हतंच. माझं मत कुठेच नाही. सिंगापूरमध्ये मी परकी, आणि पुण्याच्या यादीत नाव असलं तरी मतदानाच्या दिवशी मी इथे तुआसला. कदाचित म्हणूनच मी लांबच्या एका निवडणुकीवर इतका जीव लावला असेल. पुढच्या खेपेला ते निवडून आले. त्या दिवशी मी शिरा केला आणि शेजारच्या चिनी आजींनाही दिला. कशाबद्दल ते त्यांना समजावून सांगता सांगता माझी पुरेवाट झाली.

गव्हर्नर झाल्यावरही त्यांची पद्धत बदलली नाही. शाळांच्या छपरांचे नकाशे असोत की बंदराचे, कोपऱ्यात ती दोन अक्षरं असायची. विरोधक रेडिओवर चेष्टा करायचे, की गव्हर्नर हवा होता, कारकून मिळाला. मग एका वर्षी चक्रीवादळ आलं आणि जुनं पॉवर स्टेशन मोडून पडलं. नवे जनरेटर आमच्याकडेच मागवले गेले. गव्हर्नरांनी रेडिओवर शब्द दिला, की बेटाच्या मुख्य चर्चच्या जत्रेला सगळ्या गावांत दिवे लागलेले असतील. जत्रेनंतर थोड्याच आठवड्यांनी निवडणूक होती.

आणि इथे मी माती खाल्ली.

भारतात काय, सिंगापूरमध्ये काय, वीज पन्नास हर्ट्झची. माझं शिक्षण पन्नासवर झालं, नोकरी पन्नासवर चालू आहे. त्या बेटाची वीज मात्र अमेरिकेसारखी, साठची. मुख्य जनरेटर मी साठचाच घेतला होता, तिथे नजर होती. पण तो थंड ठेवणाऱ्या पंख्यांच्या मोटरचं पान मी घाईत एका जुन्या कामातून उचललं, आणि त्यावर पन्नास तसंच राहिलं. कारखान्यातल्या चाचणीत पंखे आमच्याच विजेवर चालवले जातात, म्हणजे पन्नासवर. ते झकास फिरले. बेटावर साठवर लावल्यावर ते हवेपेक्षा जोरात फिरू लागले, त्यांच्यावर भलताच भार आला, आणि जत्रेच्या आदल्या दिवशी एकामागून एक मोटर जळाली. पंखे नाहीत म्हटल्यावर जनरेटर बंद ठेवावे लागले. जत्रा मेणबत्त्यांवर झाली.

मी फाइल उघडून ते पान काढलं. पन्नासचा आकडा माझ्या हातचा होता. आणि त्याच पानाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात ती दोन अक्षरं होती. त्यांच्याही नजरेतून ते सुटलं होतं.

मॅनेजरने अक्षरांवर बोट ठेवलं आणि त्याचा चेहरा एकदम सैल झाला. "ग्राहकाने मंजूर केलंय. आपण सुटलो." दुसऱ्याच दिवशी कंपनीचं पत्र गेलं, की सदर पान गव्हर्नरांनी स्वतः तपासून मंजूर केलेलं आहे. करारानुसार ते खरं होतं. ते पत्र आठवड्याभरात विरोधकांच्या हाती लागलं आणि रेडिओवर रोज वाचलं जाऊ लागलं.

मी घरी येऊन एक साधं पत्र हाताने लिहिलं. चूक माझी आहे, मी जुन्या कामाचं पान उचललं, आमच्या चाचणीत ती दिसणं शक्य नव्हतं, हे पत्र तुम्ही कुठेही वाचून दाखवू शकता. खाली सही. नवरा समोर बसून मटार सोलत होता. त्याने वाचलं आणि पत्र मटारांपासून लांब सरकवलं. "हे बाहेर आलं तर तुझी नोकरी जाईल," तो म्हणाला. "लेकीची शाळा मध्येच तुटेल." मी म्हटलं, "माहितीये." त्याने सालं गोळा करून कचऱ्यात टाकली. सकाळी मी निघताना मात्र त्यानेच विचारलं, "पत्र घेतलंस ना?" नव्या मोटरी घेऊन माझा एक सहकारी बेटावर चालला होता. गव्हर्नरांच्या हातातच द्यायचं असं बजावून मी पाकीट त्याच्याकडे दिलं.

मतदानाच्या आदल्या रविवारी दोन्ही उमेदवारांचा रेडिओवर सामना होता. बेटाचं घड्याळ आमच्या दोन तास पुढे, त्यामुळे इथे सकाळचे नऊ वाजले होते. आम्ही तिघं टेबलाशी बसलो. निवेदकाने पहिलाच प्रश्न विचारला, "पंख्यांची चूक कुणाची?" मी टेबलाची कड घट्ट धरली. आता ते खिशातून माझं पत्र काढणार.

"त्या पानावर माझी अक्षरं आहेत," गव्हर्नर म्हणाले. "पन्नास आणि साठमधला फरक मला झोपेत कळायला हवा होता. मी तो वाचला नाही. पॉवर स्टेशनच्या माणसांना कुणी बोल लावू नका." विरोधक म्हणाला, "म्हणजे तुम्ही चूक कबूल करता?" ते म्हणाले, "आत्ताच केली."

पत्राचा त्यांनी उल्लेखही केला नाही. खरं सांगायचं तर मला आधी हायसं वाटलं. नोकरी वाचली, शाळा वाचली. शरम नंतर वाटली, लेकीने माझ्या पत्राबद्दल "देन व्हाय ही नेव्हर रीड?" असं विचारलं तेव्हा. पुढच्या आठवड्यात ते हरले.

गेल्या वर्षी ते सिंगापूरमार्गे कुठेतरी चालले होते. कारखान्यात फोन करून माझी चौकशी केली आणि आमच्याकडे जेवायला आले, एमआरटीच्या लोकलने, तोच फुलांचा शर्ट घालून. केस पार पांढरे झाले होते. नवऱ्याने ओल्या नारळाची चटणी आणि लिंबू पिळलेलं सुरमई फ्राय केलं होतं. ते म्हणाले, "अरे, हे तर आमच्याकडचंच जेवण." जेवण झाल्यावर त्यांना पान-सुपारी लागते हे मला रेडिओमुळे माहीत होतं, म्हणून लिटल इंडियातून पानं आणून ठेवली होती. त्यांनी स्वतःच्या हाताने चुना लावला. लेक डोळे फाडून बघत होती.

मग मी विचारलं. इतकी वर्षं गिळलेला प्रश्न होता, त्यामुळे आवाज जरा चढलाच. "पत्र का नाही वाचलंत? मी तुम्हाला परवानगी दिली होती!"

त्यांनी पान गालात सरकवलं. "आमच्या पॉवर स्टेशनमध्ये बाहेरून आलेली बरीच माणसं होती. पासवर. फोरमनच्या एका शब्दावर त्यांना विमानात बसवायचे," ते म्हणाले. "मी फोरमन होतो, इंजिनिअर. एकदा मी तसा शब्द टाकला होता. त्या माणसाची मुलं माझ्या मुलाच्या वर्गात होती. दुसऱ्या दिवशी ती बाकं रिकामी." त्यांनी लेकीकडे एकदा पाहिलं. "निवडणूक हरलो तेव्हा मी चालत घरी गेलो. दहा मिनिटं लागली."

निघताना त्यांनी वहीतून माझं पाकीट काढून टेबलावर ठेवलं. "हे तुमचं आहे. माझ्या कपाटात नको." पुन्हा उभे राहणार आहेत का, असं नवऱ्याने विचारलं, तर हसून म्हणाले, की बायको नको म्हणतेय, म्हणजे बहुतेक उभा राहीन.

ते गेल्यावर मी पत्र उलगडलं. माझ्या सहीच्या खाली, उजव्या कोपऱ्यात, ती दोन अक्षरं होती. मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून रागही आला.

या महिन्यात त्यांनी अर्ज भरला. दोनच दिवसांत रेडिओवर आमच्या कंपनीचं जुनं पत्र पुन्हा वाचलं गेलं, गव्हर्नरांनी स्वतः तपासून मंजूर केलेलं, वगैरे. मी पोळी तव्यावर तशीच टाकून ऐकत राहिले. ती करपली. नवऱ्याने येऊन गॅस बंद केला आणि म्हणाला, "जा."

माझा पास अजून तोच आहे. सोमवारी सकाळी मी मॅनेजरच्या केबिनमध्ये गेले आणि माझं पत्र त्याच्यापुढे ठेवलं. म्हटलं, कंपनीने बेटाला नवं पत्र पाठवावं, चूक आमच्याकडून झाली असं लिहून. त्याने पत्र दोनदा वाचलं. उठून दार लावलं. मग कोपऱ्यावर बोट ठेवून विचारलं, "ही अक्षरं कुणाची?"

"ग्राहकाची," मी म्हटलं. "त्यांनी वाचलंय. आता तुमची सही राहिलीय."