उलट्या आट्याची रिंग

गंज सोडवायच्या तेलाला रॉकेलसारखा, पण किंचित गोडसर वास असतो. ऑक्टोबरमधल्या त्या रविवारी सकाळी आमच्या मुलुंडच्या घराच्या गॅलरीत तो वास भरून राहिला होता आणि त्याच्यावर शेजारच्या स्वयंपाकघरातून येणारा भाजणीचा खमंग दरवळ अधूनमधून तरंगत होता. यंदा आमच्याकडे दिवाळी नव्हती. ऊन मात्र दरवर्षीसारखंच पिवळंधमक, खाडीवरून सरळ गॅलरीत उतरून उलट्या ठेवलेल्या सायकलीच्या आऱ्यांमध्ये अडकलं होतं, आणि मी खुर्चीत बसून ते नुसतं पाहत होते.

सायकल समीरची होती. समीर माझा धाकटा भाऊ. ऑगस्टमध्ये डेंग्यू झाला आणि पाचव्या दिवशी तो गेला. त्यानंतरचे दोन महिने मी शाळेत शिकवत होते, वह्या तपासत होते, भेटायला येणाऱ्यांना पाणी देत होते. फक्त रडू आलं नव्हतं. दात काढायच्या आधी डॉक्टर सुई टोचतात, मग स्वतःचाच गाल दुसऱ्या कुणाचा तरी वाटतो, तसं माझं सगळंच झालं होतं. लोक म्हणत, किती धीराची आहे. मी मान हलवत असे. धीर वगैरे काही नव्हतं, आत कुणी नव्हतंच.

त्याची ही सायकल फिक्स्ड गिअरची. म्हणजे मागचं चाक फिरतंय तोवर पेडलही फिरणारच, पाय थांबवायची सोयच नाही. थांबायचं तर पेडलवर मागे जोर द्यायचा आणि पायांनीच चाक आवरायचं. पवईच्या तलावाच्या बाजूने तो रोज पहाटे जाई आणि कांजूरच्या उतारावरून खाली येई, विनाब्रेकचा. आईचा जीव टांगणीला लागे. तो गेल्यावर तिने निर्णय दिला की सायकल केदारला द्यायची. केदार समीरचा मित्र, दोघं बरोबरच सायकली दामटायचे. अट एकच: मागचं ते घट्ट बसवलेलं चक्र काढून साधं फ्रीव्हील लावायचं, पाय थांबवले तरी चाक आपलं आपण फिरेल असं. त्यासाठी चक्र जागच्या जागी आवळून धरणारी लॉकरिंग आधी काढणं भाग होतं आणि तेवढ्यासाठीच केदार आकडीचा पाना घेऊन सकाळीच आला होता.

ही लॉकरिंग मला माहीत होती. दोन वर्षांपूर्वी, आईने जेवण सोडायची धमकी दिली तेव्हा, समीरने जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून दोन रिंगा मांडल्या होत्या. दिसायला सारख्याच, बांगडीएवढ्या, कडेला खाचा असलेल्या. एक जुन्या सायकलीच्या पेडलच्या आसाची, सुलट्या आट्यांची. काही लोक तीच दडपून बसवतात आणि कधीतरी तोंडावर आपटतात, असं तो म्हणाला. दुसरी उलट्या आट्यांची. मागे जोर दिला की चक्र सुटायला बघतं, पण ही रिंग त्याच जोराने आणखी आवळत जाते. मात्र तिच्यासाठी चाकाच्या मध्यावरचा हबही वेगळा लागतो, म्हणजे चाक पुन्हा नव्याने विणायचं, महिनाभर सायकल बंद. आई म्हणाली, राहू दे बंद. पुढच्या महिन्यात तो सांगत आला की झालं, बसवली. मी त्याच्याकडे नुसतं पाहिलं तर माझा गळा चिमटीत धरून म्हणाला, “ताई, तुझ्या गळ्याची शपथ.” त्या रात्रीपासून आई शांत झोपू लागली.

उलटे आटे, म्हणजे सोडवायची तर घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरवायची. केदार तसाच फिरवत होता. अर्धा तास झाला, तेल झालं, पान्याच्या दांड्यावर हातोडीचे ठोके झाले, एक खाच चेचली गेली, रिंग तसूभर हलेना. त्याची घामाने भिजलेली पाठ मी पाहत होते आणि आज नाही निघाली तर पुढच्या रविवारी निघेल, नाही निघाली तरी चालेल, असं काहीतरी मनात येऊन जात होतं. मग त्याने जुन्या टूथब्रशने रिंगेच्या कडेचा काळा चिकटा खरवडला, फडक्याने पुसलं आणि वाकून उघड्या पडलेल्या आट्यांकडे निरखून पाहिलं. मग पाना पालथा केला आणि उलट दिशेने जोर दिला.

एकदाच कट्ट झालं. पुढे पानाही लागला नाही. बोटांनी फिरवत फिरवत त्याने रिंग काढली आणि माझ्या हातात दिली.

“ताई, ही पेडलच्या आसाची, सुलट्या आट्यांची रिंग आहे,” तो हळू आवाजात म्हणाला. “हबपण साधाच आहे. मला खरंच माहीत नव्हतं.”

मी त्या रिंगेकडे पाहिलं. म्हणजे चाक नव्याने विणलंच नव्हतं. महिनाभर सायकल बंद ठेवायचा त्याला कंटाळा आला असणार, दुसरं काही कारण असू शकत नव्हतं; त्याला कशाचाच धीर नव्हता. दोन वर्षं तो कांजूरच्या उतारावरून या रिंगेच्या भरवशावर येत होता, आणि गेला डासाने. माझ्या गळ्याची खोटी शपथ घेतली त्याने, आणि मी धडधाकट बसले होते. मला राग आला. ऑगस्टपासून पहिल्यांदाच काहीतरी आलं, आणि ते हे. कानशिलं तापली. समोर असता तर त्याच्या मुस्काटात मारली असती. आपण मेलेल्या माणसावर चिडलो आहोत याची लाजही वाटली नाही.

तेवढ्यात आई चहाचे कप घेऊन दारात आली. चक्रावरची रिंग निघालेली तिला दिसली.

“सुटली काय गो?” तिने विचारलं. “उलटीच होती मां?”

केदारने माझ्याकडे पाहिलं आणि फडक्याला हात पुसू लागला. रिंग माझ्या मुठीत होती.

“हो,” मी म्हणाले. “उलट्या आट्याचीच. म्हणून तर एवढा वेळ लागला.”

आईने कप कठड्यावर ठेवले. “माझो झिल माका खोटा सांगूचो नाय,” ती समीरबद्दल केदारला म्हणाली, आणि बिस्किटं आणायला आत गेली.

मी चहा घेतला. केदार फ्रीव्हीलची पेटी उघडू लागला. राग अजून तसाच होता, कडकडीत, आणि तो ज्याच्यापाशी बोलून दाखवावा असं माणूस या घरात एकच उरलं होतं; त्या आईशी मी आत्ताच खोटं बोलले होते, समीरइतक्याच सहज.