न जिंकलेल्या गेमचं म्युझिक

आधीच सांगतो, या सदरातले अनुभव मी टाइमपास म्हणून वाचतो. चकवा, पिंपळाखालची बाई, मागून येणारी हाक... सकाळच्या चहासोबत वाचायचं, हसायचं आणि कामाला लागायचं. अंबडच्या एका कारखान्यात मी क्वालिटीला आहे, वीस वर्षं झाली. जे मोजता येत नाही ते आमच्याकडे रिजेक्ट होतं. त्यामुळे हे लिहायला बसताना मला स्वतःचाच जरा राग येतोय. पण आता लिहितोच.

नाशिकहून मखमलाबादच्या थोडं पुढे आमचा मळा आहे. तिथे माझा मोठा भाऊ आणि वहिनी राहतात. झेंडू आणि शेवंती करतात. मी बायकोमुलांसोबत इंदिरानगरला फ्लॅटमध्ये असतो. दादा माझ्याहून अकरा वर्षांनी मोठा. वडील लवकर गेले, त्यामुळे शाळेचा दाखला आणण्यापासून लग्नात बोलणी करण्यापर्यंत माझं सगळं दादानेच केलं. मला तो अजून ‘पम्या’च म्हणतो.

मी सातवीत असताना एकदा दादा पंचवटीत फुलं देऊन आला तो टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम घेऊनच. सोबत एक पिवळी कॅसेट. वरच्या स्टिकरवर मोटारगाडीचं चित्र आणि आत गाडी औषधालाही नाही! आत होता एक कंदीलवाला माणूस. डोंगर, गुहा, पडके पूल ओलांडत तो वर चढायचा. नाव-गाव काही माहीत नाही, म्हणून आमच्यासाठी तो ‘कंदीलवाला’. इतका अवघड गेम मी नंतर पाहिला नाही. तीन लाइफ, आठ स्टेज, सेव्ह वगैरे काही नाही... आणि वर आमचं लोडशेडिंग. सहाव्या स्टेजला पोचलो की लाइट जायची. आई म्हणायची, “बरं झालं.”

एका रविवारी मात्र लाइट टिकली आणि दादाने आठवी स्टेज पार केली. शेवटच्या काळ्या घोडेस्वाराला पाडलं. मी ओरडायला तोंड उघडलं आणि स्क्रीन एकदा लकाकून थेट पहिल्या स्टेजवर आली. गाणं नाही, अभिनंदन नाही, काही नाही. दादा दोन मिनिटं बघत राहिला. मग म्हणाला, “कॅसेट फॉल्टी हाय. फसवलं आपल्याला.” आणि बटण बंद केलं. त्यानंतर त्या गेमवर आमचा जीव राहिला नाही. पुढे मी डिप्लोमाला गेलो तेव्हा आईने तो भंगारात देऊन टाकला.

आता गेल्या दसऱ्याचं.

झेंडूवाल्यांना दसऱ्याच्या आधीचे दोन दिवस श्वास घ्यायला सवड नसते. तांबडं फुटलं की तोडणी. वहिनी आदल्या दिवशीच्या फुलांचा पहिला टेम्पो घेऊन पंचवटीच्या फुलबाजारात जाणार, तोडणाऱ्या बाया दहानंतर येणार, आणि मधल्या वेळात दादासोबत मी तोडायला, असं ठरलं होतं. मी स्वतःच म्हणालो होतो, “सहाला पोचतो.” पहाटे पाचला अलार्म वाजला. मी म्हटलं, पाच मिनिटं. डोळे उघडले तेव्हा साडेआठ वाजले होते.

सव्वानऊला मळ्यावर पोचलो. दोन ओळींच्या मधे दादा आडवा होता. डोळे उघडे, उजवी बाजू गेलेली. बाजूला तीन क्रेट भरलेले आणि चौथा निम्मा. माझी खोड बघा, हॉस्पिटलच्या बाकावर बसून मी हेच मोजत होतो. दादाचा हात किती चालतो ते मला माहीत आहे. साडेतीन क्रेट, म्हणजे तो पावणेसातला पडला. अडीच तास. डॉक्टर म्हणाले, “जरा आधी आणलं असतं तर...”

जीव वाचला. पण शब्द गेले. त्याला सगळं समजायचं, बोलायला जायचा आणि नुसता ‘अं... अं...’ निघायचा. मग चिडून तोंड फिरवायचा. मला वाटायचं, ते माझ्याकडूनच फिरवलंय. माफी मागायची होती हो. पण जो माणूस उलटून शिवीसुद्धा देऊ शकत नाही त्याची माफी मागणं म्हणजे पळवाटच की. मला त्याचं उत्तर हवं होतं... काहीही असो.

चौथ्या दिवशी तो गुणगुणायला लागला.

एकच चाल. हळूहळू वर चढायची, मधेच थांबायची, चांगले दोन-तीन श्वास, आणि मग अगदी खालून पुन्हा सुरू व्हायची. स्पीच थेरपीच्या मॅडम म्हणाल्या, यात नवल नाही, बोलणं गेलं तरी चाल राहते, मेंदूत त्यांच्या जागा वेगळ्या असतात. इथपर्यंत माझ्या डोक्यालाही पटलं. पण चाल कोणती?

“भाऊजी, हे कोन्तं भजन हाय हो?” वहिनीने विचारलं. “एवढ्या वर्षांत यांच्या तोंडून कधी ऐकलं नाय.”

वहिनीने ते मोबाइलवर रेकॉर्ड करून मॅडमना पाठवलं. गावातल्या पेटीवाल्या बुवांनाही ऐकवलं. ते म्हणाले, हे आपलं नाही. छान आहे, पण आपलं नाही. मला मात्र ते ऐकताना काहीतरी व्हायचं. दुपारी ओट्यावर बसलेला दादा, समोर झेंडूचा वास, आणि ती चाल... आपण कुठून तरी लांबून घरी येतोय आणि दार उघडंच आहे असं वाटत राहायचं.

जानेवारीत मॅडम म्हणाल्या, उजव्या अंगठ्याला काम द्या. मला कंदीलवाला आठवला. जुन्या गेम्सच्या एका ग्रुपवर मी वर्णन टाकलं, कंदील, घोडेस्वार, आठ स्टेज. अर्ध्या तासात नागपूरच्या एकाने गेमचं नाव सांगितलं आणि खाली लिहिलं, “सर, पहिला शेवट खोटा असतो. पूर्ण गेम परत खेळावा लागतो, डबल अवघड. तेव्हाच खरा एंडिंग लागतो.”

मी कितीतरी वेळ हसत होतो. कॅसेट बिचारी बरोबर होती! आम्हीच बटण बंद केलं होतं.

जुने गेम भरलेला एक छोटा खेळ मागवला आणि दादाच्या टीव्हीला जोडला. दर रविवारी दुपारी आम्ही दोघं एकच रिमोट धरायचो. डावीकडची बाणाची बटणं माझी, उजवीकडची उडीची आणि फेकायची दादाची. पहिले तीन रविवार पहिला पूलसुद्धा ओलांडला नाही. त्याचा अंगठा उशिरा पडायचा आणि कंदीलवाला दरीत जायचा. पण दादा सोडायचा नाही. चौथ्या रविवारी तो चक्क हसला. स्टेजच्या मधे मी सेव्ह करायचो, खोटं कशाला बोलू. पन्नाशी ओलांडलेला आजारी माणूस आणि त्याचा क्वालिटीवाला भाऊ, एवढी सूट चालते.

पहिली फेरी फेब्रुवारीत संपली. दुसरी एप्रिलमध्ये.

दुपारचे तीन वाजले असतील. खिडकीतून ऊन फरशीवर आलेलं. वहिनी आत पोळ्यांचं पीठ मळत होती. घोडेस्वार पडला. स्क्रीन काळी झाली आणि मी मनात म्हटलं, आता परत पहिली स्टेज... पण काळ्याची निळी झाली. डोंगराच्या माथ्यावर पहाट झाली. कंदीलवाल्याने कंदील खाली ठेवला आणि तो हळूहळू उतरायला लागला.

आणि म्युझिक सुरू झालं.

वहिनी पिठाच्या हातांनी बाहेर आली. तिला वाटलं दादाच गुणगुणतोय. तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याचं तोंड बंद होतं, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ती टीव्हीकडे बघत दारातच खाली बसली. चाल वर चढली, थांबली. त्या थांबण्याच्या जागी कंदीलवाला एका घरात शिरला आणि दार लागल्याचा आवाज आला. मग अगदी खालून पुन्हा सुरू झाली.

माझ्या अंगावर काटा आला, पण भीतीचा नाही. मला काही केल्या ते संपायला नको होतं.

मग अर्थात मी माझं काम केलं. वहिनीचं रेकॉर्डिंग ऑक्टोबरचं आणि मला गेमचं नाव कळलं जानेवारीत. दोन्ही कानाला लावून शेजारी शेजारी ऐकली. सूर तेच, थांबणं तेवढंच. दादाकडे साधा बटणांचा फोन आहे, त्यावर व्हिडिओ दिसत नाही. तो गेम दुसऱ्या कुणाकडे आम्ही पाहिलेला नाही. लहानपणी तो चुकून दोनदा जिंकला असेल म्हणावं, तर तेवढा वेळ लाइट राहिल्याचं एकही उदाहरण नाही. मी सगळ्या बाजूंनी मोजून पाहिलं. बसत नाही.

त्या दिवसापासून दादाचं गुणगुणणं बंद झालं. शब्द यायला लागले, आधी ‘पाणी’, मग ‘नको’, मग वहिनीचं नाव. जूनमध्ये तो तीन-चार शब्द जोडायला लागला. एका संध्याकाळी आम्ही दोघं बांधावर बसलो होतो. समोर झेंडूची नवी रोपं. मी विचारलं, “दादा, ते म्युझिक तू कुठे ऐकलंस?”

तो बराच वेळ शब्द जमवत होता.

“इथंच,” तो म्हणाला. “पडलो... तवा. घरातून येत होतं. म्हटलं... पम्या जिंकला.”

आता नाही तर कधीच नाही म्हणून मी बोलून टाकलं, “दादा, मी घरात नव्हतो रे. मी येतो म्हणालो आणि झोपून राहिलो. माझ्यामुळे झालं हे सगळं.”

“माहीत हाय,” तो म्हणाला.

मी मान खाली घातली. तो पुढे बोलू पाहत होता, ओठ हलत होते. मी थांबलो.

“डोळे मिटत होते,” तो म्हणाला. “पन गानं चालू. म्हटलं... सरलं की येईल तो. बोलवायला. तवर झोपायचं नाय.” मग त्याने तो अधू उजवा हात उचलून माझ्या गुडघ्यावर ठेवला.

“आन् आलास.”

यावर तुमच्यापैकी कुणाकडे काही तर्क असेल तर जरूर लिहा, मी वाचेन. माझ्याकडे नाही. या दसऱ्याच्या तोडणीला मी आदल्या रात्रीच मळ्यावर मुक्कामाला जाणार आहे.