कंचनबाई शेकरू मोजायला गेल्या

माझ्या सासूबाईंचा, कंचनबाईंचा जन्म आळ्याचा. सतराव्या वर्षी लग्न होऊन घोडेगावात आल्या आणि पेठेतल्या आमच्या किराणा दुकानात माझ्या सासऱ्यांच्या शेजारी बसल्या. घोडेगावातून पश्चिमेला बघितलं की भीमाशंकरच्या अभयारण्याकडचे डोंगर दिसतात. ते त्यांनी बत्तीस वर्षं दुकानाच्या पायरीवरून बघितले. त्या डोंगरात पाऊल टाकलं ते १९९८च्या मे महिन्यात, आणि तेही माझ्या नवऱ्याचा पाय मुरगळला म्हणून.

झालं असं, की त्या वर्षी वनखात्याला शेकरूच्या मोजणीसाठी गावोगावची माणसं हवी होती. माझा नवरा संयम हौशी. त्यानं नाव दिलं, आणि जायच्या दोन दिवस आधी साबणाचं खोकं काढताना शिडीवरून पडला. वनरक्षक भगवंतभाऊ दुकानात आले तेव्हा हा पाय बांधून खाटेवर. नाव खोडा म्हणाला. सासूबाई साखर तोलत होत्या. त्यांनी हातातली पुडी खाली ठेवली.

"खोडू नका, भाऊ. त्याच्या जागी मी येते."

सासऱ्यांना, म्हणजे सुगनचंदांना, वाटलं ही थट्टा करते आहे. पण मला कारण माहीत होतं. त्या डोंगरातल्या आहुपे गावची कुशाबाई बाजाराच्या दिवशी हिरडा घेऊन यायची आणि एसटीच्या वेळेपर्यंत आमच्या पायरीवर बसायची. दोघी एका वयाच्या. कुशाबाईनं शेकरूच्या गोष्टी सांगायच्या, सासूबाईंनी ऐकायच्या: मांजराएवढी खार, पाठ तांबडी, शेपूट हातभर लांब, आणि झाडावरून झाडावर जाताना जमिनीला पाय लावत नाही. मला एकदा दाखव, असं त्या प्रत्येक बाजाराला म्हणायच्या. आता आयती संधी आली होती, ती त्या सोडणार नव्हत्या.

त्याच दिवशी त्यांनी आयुष्यातले पहिले कॅनव्हासचे बूट घेतले. साडीवर ते बूट घालून घरभर चालून बघितलं. सोबतीला मी. लग्न होऊन मला चारच महिने झाले होते, आणि सासूबरोबर जंगलात जायची वेळ येईल असं कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते. मोजणीच्या आदल्या दिवशी दुपारच्या एसटीनं डिंभे धरणाच्या कडेकडेनं आम्ही आहुप्याला पोचलो. कुशाबाई थांब्यावरच उभी होती. तिनं बुटांकडे बघितलं, मग सासूबाईंकडे, आणि म्हणाली, "शेठाणी, तुमी खरंच आला?"

सकाळी उजाडता उजाडता निघालो. भगवंतभाऊ, कुशाबाई, सासूबाई आणि मी, असा आमचा गट. काम सोपं होतं. ठरलेल्या वाटेनं हळू चालायचं, झाडांवर शेकरूची घरटी दिसली की कागदावर लिहायची. झाड कोणतं, घरटं किती उंच, वापरातलं की जुनं. शेकरू एकाच हंगामात चार-पाच घरटी बांधते, त्यामुळे राहतं घरटं ओळखणं हीच खरी गोम.

भगवंतभाऊ वर बघत चालले. कुशाबाई वर बघत चालली. माझी मान तासाभरात दुखायला लागली. सासूबाई मात्र खाली बघत होत्या. वाटेवर मुंग्यांच्या रांगा होत्या, पाचोळ्यात किडे होते. आम्ही जैन; एखाद्या जिवावर पाय पडू नये म्हणून त्या एकेक पाऊल जपून टाकत होत्या. आम्ही दर पन्नास पावलांवर त्यांच्यासाठी थांबायचो. भगवंतभाऊंनी मला हळूच विचारलंसुद्धा, की यांना माघारी आहुप्याच्या शाळेत बसवायचं का.

नऊच्या सुमाराला ओढ्याच्या काठी एक भलं मोठं आंब्याचं झाड लागलं. वर शेंड्याजवळ वाळक्या काटक्यांचा गोळा. भगवंतभाऊंनी दुर्बीण लावली, बराच वेळ बघितलं, आणि जुनं म्हणून लिहायला पेन काढलं. तेवढ्यात मागून सासूबाई आल्या आणि झाडाखाली थांबल्या.

"भाऊ, लिहू नका. आधी इथं खाली बघा."

पाचोळ्यात अर्धी कुरतडलेली कैरी पडली होती. त्यांनी बोट लावून दाखवलं. चीक अजून ओला होता. शेजारी आणखी दोन कैऱ्या, आणि तिरक्या कातरलेल्या हिरव्या डहाळ्या, पानंसुद्धा न सुकलेल्या. कुशाबाई उकिडवी बसली, डहाळी उलटसुलट केली आणि एकदम दबक्या आवाजात म्हणाली, की ही आजच पाडलीय, घरात कुणीतरी आहे. भगवंतभाऊंनी पेन खिशात ठेवलं. आम्ही करवंदीच्या जाळीआड बसलो.

अर्धा तास काही नाही. मग तो वाळका गोळा हलला, आणि आतून शेकरू बाहेर आली. कुशाबाईनं इतकं सांगितलं होतं, तरी आम्ही दोघी तयार नव्हतो. उन्हात ती पाठ तांब्याच्या घासलेल्या हंड्यासारखी चमकली. तिच्या तोंडात काहीतरी लोंबत होतं. भगवंतभाऊंनी दुर्बीण सासूबाईंच्या हातात दिली. पिलू होतं. आईनं त्याचं पोट अलगद दातांत धरलं होतं आणि त्यानं तिच्या मानेला विळखा घातला होता.

ती फांदीच्या टोकाला आली. ओढ्यापलीकडे अंजनाचं झाड, मध्ये पंधरा-वीस फूट मोकळी हवा. तिनं दोनदा अंग मागे घेतलं आणि उडी मारली. अंजनाची फांदी खाली झुकली, वर आली, आणि ती दाट पानांतल्या दुसऱ्या घरट्यात शिरली. सासूबाईंनी माझा दंड इतका आवळला की संध्याकाळपर्यंत बोटं उमटलेली होती.

कुशाबाई म्हणाली, अजून एक असणार. खरंच, ती परत आली. दुसरं पिलू घेऊन बाहेर पडली, आणि त्याच वेळी समोरच्या वठलेल्या झाडावर मोरघार येऊन बसली. डोक्यावर तुरा, पिवळे डोळे. शेकरू खोडाला चिकटून सपाट झाली. हलेना. मोरघारही हलेना. किती वेळ गेला कोण जाणे. सासूबाईंनी टाळी वाजवायला हात उचलले, तसं कुशाबाईनं मनगट धरलं.

"हलू नका. ती दचकंल आन् पिलू खाली टाकंल. तिचं तिला कळतंय."

सासूबाईंनी हात खाली घेतले. डोळे मिटून नवकार म्हणायला लागल्या, पण दुसऱ्याच ओळीला डोळे पुन्हा उघडले. बघितल्याशिवाय राहवत नव्हतं.

शेकरू सुटली. फांदीवरून धावली आणि झेपावली. मोरघार बाणासारखी आली. अंजनाच्या शेंड्यात पानांचा एकच फडफडाट झाला, फांद्या हलल्या, पानं ओढ्यात पडली. मोरघार वर निघाली. तिच्या पंजात पानांचा झुबका होता, दुसरं काही नाही. पण शेकरूही दिसत नव्हती. आम्ही चौघं जाळीबाहेर उभे राहिलो होतो, लपायचं कुणाला भान नव्हतं. कुशाबाई ओढ्यात उतरून खाली काही पडलंय का बघायला लागली.

आणि मग भगवंतभाऊंनी बोट दाखवलं. ती फांदीच्या खालच्या अंगानं, मागच्या पायांनी उलटी लटकलेली होती. पिलू तोंडात. तिनं अंग वर ओढलं, सावकाश घरट्याशी गेली आणि आत शिरली. सासूबाई आधी रडल्या, मग हसायला लागल्या, आणि कुशाबाईला मिठी मारली. भगवंतभाऊंनी कागदावर लिहिलं: घरटी दोन, वापरातली, पिलं दोन. त्या दिवशी पुढच्या वाटेवर प्रत्येक झाडाखाली ते आधी सासूबाईंना बोलवत होते.

त्यानंतर २००६पर्यंत एकही मे महिना त्यांनी चुकवला नाही. नवी माणसं आली की भगवंतभाऊ त्यांना सासूबाईंबरोबर धाडायचे, झाडाखाली काय बघायचं ते शिकायला. गुडघे गेले तेव्हा जाणं थांबलं. कुशाबाई मात्र बाजाराला येतच राहिली, बातम्या घेऊन.

पण त्या पहिल्या दिवसाची संध्याकाळ सांगायला हवी. आम्ही घरी पोचलो तेव्हा ऊन उतरत होतं. आमच्याकडे सूर्य मावळायच्या आत जेवण उरकतं. ताटं मांडलेली होती. सासूबाईंनी बूटसुद्धा काढले नाहीत, उंबऱ्याशीच बसून सांगायला लागल्या. संयम लंगडत बाहेर आला. सासरे दुकान नोकरावर टाकून आत आले, जे मी कधी बघितलं नव्हतं. कैऱ्या झाल्या, पहिली उडी झाली, मोरघार आली. मोरघार झेपावली तेव्हा त्या हात पसरून उभ्या राहिल्या आणि मागची कळशी लवंडली. गोष्ट संपली तेव्हा खिडकीबाहेर अंधार होता. ताटं तशीच. आता सकाळपर्यंत कुणालाच जेवता येणार नव्हतं.

हे लक्षात आल्यावर सासरे चिडतील असं मला वाटलं. त्यांनी ताटांकडे बघितलं, मग सासूबाईंकडे.

"ते उलटं लटकलेलं पुन्हा सांग," ते म्हणाले. "पहिल्यापासून."