आमच्या घरची चार मतं

मंडळी, आठवडाभर आपल्या ई-मेल ग्रुपवर कोण जिंकणार यावरून जुंपली आहे, म्हणून आजचंच सांगतो.

सकाळी बंगळूरच्या बसवनगुडीतल्या आमच्या घरी निवडणुकीचं सर्वेक्षण करणारी मुलगी आली. मी खुशीत खुर्ची पुढे ओढली. पंपांच्या दुकानात दिवसभर गिऱ्हाइकांचं राजकारण ऐकतो, माझं मत तयारच होतं!

ती म्हणाली, "सर, घरात ज्यांचा वाढदिवस सगळ्यांत आधी येतो, त्यांनाच विचारायचा नियम आहे."

आम्हा चौघांत तो निघाला बायकोचा. सुधा पदराला हात पुसत म्हणाली, "अगं, ह्यांनाच विचार. आमचं सगळ्यांचं एकच असतं."

"नाही अक्का, तुमचंच हवं. सर, स्वल्प, थोडा वेळ बाहेर थांबता?"

माझे कान तिखट. दाराआडूनही सगळं ऐकू आलं असतं, म्हणून थेट फाटकाबाहेर गेलो. आत बराच वेळ बोलणं चाललं. सुधाचं हसणं तेवढं रस्त्यापर्यंत आलं.

मुलगी गेल्यावर विचारलं, "काय सांगितलंस?"

"तिने विचारलं, तिला सांगितलं. तुम्ही इतक्या वर्षांत कधी विचारलंत?"

संध्याकाळी प्रचाराला निघालेला शेजारी डोकावला. "अण्णा, तुमच्या घरची चार मतं पक्की ना?"

दरवेळी मीच मान डोलवायचो. आज म्हटलं, "माझं एक पक्कं. बाकीची ज्याची त्याला विचार."

पाठोपाठ आतून भज्यांची बशी आली, न मागता.

आता खरं सांगा, तुमच्या घरची मतं तुम्ही कुणाला विचारून मोजता?